तो का वळला

आमच्या घरात जे काही गोल फिरतं ते माझ्या खात्यात येतं. छताचा पंखा, मिक्सर, बोअरची मोटार, सगळं. कारण मी पायलट. आता पायलट म्हणजे कसा, हे नीट सांगायला गेलं की समोरच्याचा चहा गार होतो. तरुणपणी हौशी पायलटचं लायसन काढलं, ज्यात पगार घेऊन विमान उडवायची परवानगी नसते ते. मग वडिलांनी बोलावून घेतलं आणि सोलापुरात परत येऊन मी यंत्रमागांच्या मध्ये उभा राहिलो, तो अजून तिथंच आहे. टॉवेल काढतो. अधूनमधून जाऊन तासभर उडून येतो, लायसन मरू नये म्हणून. एवढ्या भांडवलावर नात्यातल्या प्रत्येक लग्नात माझी ओळख ‘हे आमचे पायलट’ अशी करून दिली जाते. मग कुणीतरी काकू मला बाजूला घेऊन विचारतात, विमानात हरवलेली बॅग परत मिळते का हो, आणि वर गेल्यावर खिडकी उघडते का.

खरा पायलट तो होता. मी त्याला मास्तर म्हणायचो, तो मला शेठ. फ्लाइंग क्लबात आम्ही दोघंच सोलापूरचे, त्यामुळे पहिल्याच दिवशी एका बाकावर बसलो. मी मागवाल्या घरातला, घरात तेलुगू बोलणारा. तो बौद्ध वस्तीतला, वडील गिरणीत होते आणि गिरणी बंद पडलेली. त्याला शिष्यवृत्ती होती आणि डोकंही होतं. मला दोन्ही नव्हतं. पहिल्या उड्डाणात मी नव्या कोऱ्या टोपीत ओकलो. माझं विमान खाली उतरताना धावपट्टीला टेकायचं, उडायचं, परत टेकायचं, परत उडायचं. पुढं तो शिक्षक झाल्यावर एकदा माझ्या शेजारी बसून म्हणाला, “शेठ, एकच लँडिंग सांगितलं होतं. तू तीन केलीस. दोन परत दे.”

मोठ्या कंपन्यांत त्याच्या मागून आलेले लागले, तो राहिला. का राहिला याची कारणं तो दरवेळी वेगळी सांगायचा आणि हसायचा. शेवटी एका लहान धावपट्टीवर शिकवणारा झाला आणि पन्नाशी उलटून गेली तरी शिकवतच होता. लग्न केलं नाही. आई सोलापुरात धाकट्या भावाकडं असायची, तिला भेटायला तो यायचा तेव्हा आमच्या कारखान्यात डोकावून जायचा आणि मागांच्या खडखडाटात उभा राहून म्हणायचा, “ह्याच्यापेक्षा माझं इंजिन बरं. बंद पडलं की कळतं तरी.”

त्याची एक पद्धत होती, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. कुठंही लहान विमान पडल्याची बातमी आली की तो त्याच दिवशी विमानं ठेवायच्या हँगरच्या फरशीवर खडूनं धावपट्टी काढायचा. वारा कुठून होता त्याचा बाण, झाडं, तारा, विमानाची वाट. शिकणारे सगळे भोवती उभे. मग विचारायचा, “तो कुठं चुकला?” उत्तर मिळेपर्यंत कुणाला जेवायला सोडायचा नाही. उत्तर मिळालं की सगळ्यांचे चेहरे सैल व्हायचे. चूक सापडली, आपण ती करणार नाही, चला जेवायला. मेलेल्या माणसाबद्दल वाईट वाटायचं ते त्याच्यानंतर, निवांत. मी एकदा म्हटलं, “मास्तर, आणि नसेलच चुकला तर?” त्यानं खडू खिशात ठेवला. “मग उद्या उडायचं कसं, शेठ?”

तर फोन आला तेव्हा मी कारखान्यात होतो. एका कानाला फोन आणि दुसऱ्या कानात बोट. त्याच्या हाताखालचा एक शिक्षक बोलत होता. “सर गेले,” तो म्हणाला. “एकटेच होते. दुसऱ्या धावपट्टीवर विमान पोचवायला निघाले होते.” आणि मी काय विचारावं? “इंजिन गेलं का?” तो हो म्हणाला, उडाल्या उडाल्याच आवाज बंद झाला. मी विचारलं, उंची किती होती. तो म्हणाला, फार नाही. मी विचारलं, “वळला का?” तो मग म्हणाला, “वळले.” मी फोन ठेवला आणि एका रिकाम्या टेबलावर टॉवेलची घडी लांबट घातली, ती धावपट्टी. वाऱ्याच्या बाजूला मोजपट्टी ठेवली, कात्री म्हणजे विमान. माझा कामगार येऊन विचारून गेला की हा नमुना कुठला आहे.

त्याच्या घरी कळवलंय का, आई कुठं आहे, यातलं काहीही मी विचारलं नव्हतं. हे मला बायकोनं दाखवून दिलं. ती म्हणाली, “अहो, रडा की आधी.” मी म्हटलं, थांब, एवढं एक बघतो.

आता तो वळला याचा मला एवढा ध्यास का, ते सांगतो. उडाल्यावर लगेच इंजिन बंद पडलं तर मागं धावपट्टीकडं वळायचं नसतं. सरळ जायचं असतं. समोर शेत असेल तर शेतात, ओढा असेल तर ओढ्यात, फार तर थोडं इकडं, थोडं तिकडं. कारण वळताना विमान कलतं, वेग आधीच कमी असतो, आणि एका क्षणी पंख हवेवरची पकड सोडतात. मग विमान, विमान राहत नाही. हे मला कुणी शिकवलं? त्यानंच. शिकवलेल्या प्रत्येकाला त्यानं हेच शिकवलं. सरळ जा, मागं वळू नको. आणि तो स्वतः वळला. टेबलावर मी कितीही वेळा कात्री हलवली, तरी त्यातून काही निघेना.

त्याच दिवशी त्याच्या भावाबरोबर गाडीनं गेलो. माळशिरस, नातेपुते मागं टाकून जिल्ह्याच्या हद्दीबाहेर. वाटेत भाऊ एकदाही रडला नाही, मीही नाही. एका ठिकाणी चहाला थांबलो तर दोघांनीही साखर जास्त आहे म्हणून तक्रार केली. दवाखान्यातले कागद त्यानं बघितले आणि मी तेवढ्या वेळात धावपट्टीच्या टोकाशी जाऊन उभा राहिलो. समोर सरळ रेषेत ऊसतोड कामगारांच्या कोप्या होत्या, पाचटाच्या, त्यांच्या बाहेर चुली आणि कपडे वाळत घातलेले. थोडं उजवीकडं ऊस तोडून नेलेलं मोकळं रान. विमान पडलं ते डावीकडं, बरंच मागं, उभ्या उसात. तिथं पोलीस होते. मी लांबूनच बघितलं. ऊस आडवा झालेला, एवढंच. मला वाटलं होतं, बघितल्यावर काहीतरी कळेल. उलट आधी जेवढं कळल्यासारखं वाटत होतं तेही गेलं.

पुढच्या काही दिवसांत एक गोष्ट पसरली. कोणी आधी सांगितली माहीत नाही. मोबाइलवर फिरत फिरत ती आमच्या वाडवडिलांच्या गावच्या नातेवाइकांपर्यंत गेली आणि तिकडून तेलुगूत परत आली. गोष्ट अशी: समोर कोप्या आहेत, लेकरं खेळतायत, हे बघून त्यानं विमान मुद्दाम वळवलं आणि स्वतःचा जीव दिला. बायकोनं विचारलं, “खरं असेल का हो?” मी म्हटलं, असेल. थोड्या वेळानं म्हटलं, नसेलही. ती म्हणाली, “तुम्हाला काय असायला हवंय?” हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. तो चुकला असेल तर उडणं हे शिकता येण्यासारखं काम आहे, नीट केलं तर माणूस घरी येतो, एवढी माझी जन्माची समजूत शाबूत राहते. तो चुकला नसेल तर तो मोठा, पण मग मला पुन्हा विमानात पाय ठेववणार नाही. मित्र मेल्यावर आपण मनातल्या मनात त्याचा पेपर तपासत बसलोय, आणि तो नापास व्हावा असंही वाटतंय, होऊ नये असंही. रडायचं बाजूलाच राहिलं. रडायचं तर तेलुगूत की मराठीत हेही ठरेना, कारण आमचं दोघांचं बोलणं मराठीत आणि वर गेल्यावर रेडिओवर इंग्रजीत.

मग पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. वस्तीतल्या विहारासमोर मांडव, प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर खांद्यावर पट्ट्या असलेला त्याचा फोटो, मेणबत्त्या. भंतेजींनी त्रिशरण-पंचशील दिलं, मग भाषणं सुरू झाली. आई पहिल्या रांगेत पांढऱ्या पातळात बसली होती, ऐंशीच्या आसपासची, हातात रुमाल गोळा करून. वस्तीतल्या नगरसेवकांनी ती कोप्यांची गोष्ट सांगितली, आणि चांगली सांगितली. “आपल्या गल्लीतल्या लेकानं मरण बघितलं आणि विमान वळवलं!” काही जणांनी टाळ्या वाजवल्या आणि मग अशा ठिकाणी टाळ्या वाजवायच्या नसतात हे आठवून हात खाली घेतले.

“आणि आता त्यांचे जिवलग मित्र, कॅप्टन...” असं म्हणून माझं नाव घेतलं गेलं. कॅप्टन! टोपीत ओकल्याचा किस्सा सांगायचा असं मी ठरवून आलो होतो. लोक थोडे हसतील, आईही हसेल, आणि मी बसेन. माइकपाशी गेलो. पण नगरसेवकांचा तो शब्द कानात अडकला होता, वळवलं. आणि माझ्या तोंडातून बाहेर पडलं, “इंजिन गेलं की वळायचं नसतं.”

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. नाही थांबलो. एका हाताचा तळवा विमान केला आणि दुसरा धावपट्टी. वारा सांगितला. कललेल्या पंखाचं सांगितलं. सगळ्या मांडवाला मी शिकवत होतो, आणि वाईट म्हणजे मला बरं वाटत होतं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. “समोर कोप्या होत्या हे खरं आहे,” मी म्हणालो, “पण उजवीकडं मोकळं रान होतं. मी स्वतः बघून आलोय. थोडंसं उजवीकडं घेतलं असतं तर...” तेवढ्यात माइकनं कुई केलं आणि मी समोर बघितलं. कोणी हलत नव्हतं. मी त्याच्या घरच्या मांडवात, त्याच्या फोटोशेजारी उभा राहून, तो कुठं चुकला ते सांगत होतो. माझा विमानाचा हात अजून हवेतच होता. तो कुठं उतरवावा तेही कळेना.

भाऊ आला आणि त्यानं माझ्या कोपराला धरलं. “झालं, दादा. बसा.”

मी म्हणालो, “धन्यवाद.” धन्यवाद!

जेवणाच्या पंगतीत माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. भाऊ वाढत होता. माझ्यापाशी आला आणि म्हणाला, “भात घ्या, साहेब.” ओळख झाल्यापासून तो मला दादा म्हणत आला होता, अगदी मघाशी कोपर धरतानासुद्धा.

गाडीवर मागं बसलेली बायको सात रस्ता चौकातल्या सिग्नलला म्हणाली, “तिथं काय बोललात ते तुम्हाला तरी कळलं का?”

“नाही.”

“मग ठीक आहे. मला वाटलं मलाच कळलं नाही.” आणि हिरवा दिवा लागल्यावर, “आई समोर बसल्या होत्या हो.”

पुढचे काही दिवस मी त्या वस्तीकडचा रस्ताच टाळला. बाजारात जायचं तर लांबून. मग भावाचा फोन आला. “आईनं बोलावलंय तुम्हाला. मी नको म्हणत होतो.” मग म्हणाला, “हे बघा, लोक येतात, ती गोष्ट सांगतात, म्हणून ती दोन घास खाते असं मला वाटतंय. तेवढी मोडू नका. तुम्ही पायलट आहात म्हणून तिला तुमच्याकडनं ऐकायचंय. हो म्हणा फक्त.”

मी म्हटलं, हो म्हणतो. अगदी मनापासून ठरवलं. आरशासमोर दाढी करताना म्हणूनही बघितलं: हो आई, त्यानं कोप्या बघितल्या आणि वळवलं. बायको बाहेरून म्हणाली, “थोडं हळू म्हणा. नगरसेवकासारखं वाटतंय.”

गेलो तेव्हा आई कॉटवर बसून सुपात मेथी निवडत होती. मला बघून मुलाला म्हणाली, “दूद आन जा.”

“दूध आहे की घरात.”

“आनिक आन.”

तो माझ्याकडं एकदा बघून गेला. ती म्हणाली, “बस. त्या दिवशी तुझं समदं ऐकू आलं न्हाय. ते माइक लई कुई करत हुतं. परत सांग.”

मी पाठ केलेलं म्हटलं. कोप्या, लेकरं, वळवलं. हळू म्हटलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एका काडीची पानं खुडून झाली, मग म्हणाली, “हे तर समदीच सांगत्यात. त्यासाटी तुला कशाला बोलवू? नगरसेवक गल्लीतच ऱ्हातो की.”

“आई, त्या दिवशी मी चुकून...”

“तू पायलट हायस का न्हाय?”

“मी टॉवेलवाला आहे, आई.”

“ते बी म्हायती हाय मला. सांग. माझं पोरगं चुकलं का?”

भावाला दिलेला शब्द आठवत होता. पण तिच्यासमोर बसून तो वापरायचा कसा ते कळेना. तिनंच सूप पुढं सरकवलं. मी मेथीची एक लांब काडी धावपट्टी म्हणून ठेवली. समोर पानांचा लहान ढीग, त्या कोप्या. उजवीकडं सुपाची मोकळी जागा, ते रान. एक पान विमान. पान उचलून मी काडीवरून वर नेलं आणि थांबलो.

“हितं बंद पडलं,” ती म्हणाली.

“हो.”

“आन ह्या कोप्या त्याला आदी म्हायती न्हवत्या?”

“होत्या की. हंगाम सुरू झाल्यापासून रोज वरून दिसत होत्या.”

“मग उजवीकडचं रान बी म्हायती आसंल.”

“असणारच.”

“मग डावीकडं का?”

“माहीत नाही, आई. खरंच माहीत नाही. तिकडून वळून मागं धावपट्टीवर येता येईल असं वाटलं असेल. नाहीतर कोप्यांकडं एखादं माणूस चालत आलेलं दिसलं असेल. नाहीतर आणखी काही. विमान खात्यातले दिल्लीवाले चौकशी करतायत, त्यांनाही किती कळेल कुणास ठाऊक.”

“इचार करायला किती येळ असतो?”

“आपण आता बोललो तेवढाही नाही.”

तिनं पानाकडं बघत विचारलं, “भ्या वाटलं आसंल का रे त्याला?”

याचं उत्तर पाठ केलेलं नव्हतं. “वाटलं असेल,” मी म्हणालो. “मला वाटलं असतं.”

“कुनी म्हनलंच न्हाय,” ती म्हणाली. “येतंय ते म्हनतंय, त्याला भ्या कसलं ते ठावंच न्हवतं. आरं, लई दिस मांजराला भ्यायचा त्यो. मांजर दारात बसलं की शाळंला जायचा न्हाय, मी हाकललं की मगच जायचा.” ती हसली, आणि ते हसू संपायच्या आधीच चेहरा बदलला. “त्याला भ्या वाटलं आन मी हितं बशीत च्या वतून पीत हुते.”

मी पान हातात धरून बसून राहिलो. ठेवावं कुठं ते सुचेना.

“तू असतास तर?” तिनं विचारलं.

मग मी तिला सांगितलं. उडायला गेलो की दरवेळी तो माझी ही परीक्षा घ्यायचा. वर चढताना मध्येच हात घालून इंजिनाचा आवाज कमी करायचा आणि विचारायचा, आता? दरवेळी माझी मान आधी मागं वळायची, धावपट्टीकडं. इतक्या वर्षांत एकदाही सरळ राहिली नाही. मग मानेवर टपली बसायची. पुढं बघ, शेठ, मागं काय ठेवलंयस? “मी वळलोच असतो, आई. पण तो शेजारी असायचा. त्यानं वळू दिलं नसतं.”

“त्याच्या शेजारी कोन न्हवतं,” ती म्हणाली.

“नाही.”

दूध घेऊन भाऊ आला. सुपातली ती काडी आणि पानं बघून त्याचं तोंड पडलं. “काय सांगितलंत?”

“भ्याला आसंल म्हनतोय,” आईच बोलली. “आन का वळला ते ह्याला ठावं न्हाय.”

“मी तुम्हाला फोनवर काय म्हटलं होतं?” त्यानं दुधाची पिशवी कट्ट्यावर आपटली. “आता बाहेर काय सांगायचं लोकांना?”

“भाईर तू कायबी सांग. लोकं सांगत्यात ते सांगू दे. मला आत हे आसू दे.” मग माझ्याकडं वळून, “मला न्हे तितं.”

“कुठं?”

“जितं पडला तितं न्हाय. ते मला बगायचं न्हाय. ते उजवीकडलं रान दाव.”

भाऊ नको नको म्हणत होता, एवढा प्रवास, पाय दुखतील, ब्लडप्रेशर. पण सकाळी मी गाडी घेऊन गेलो तेव्हा तो पाण्याच्या बाटल्या घेऊन पुढच्या सीटवर बसायला तयार होता. माझी बायकोही मागं आईशेजारी होती. माळशिरसच्या पुढं आईनं विचारलं की हा ऊस कुणाचा, आणि तो ऊस कुणाचा ते आम्हां तिघांनाही माहीत नव्हतं.

रानात पोचलो. बांधावरून आईला दोघांनी धरून खाली घेतलं. तोडलेल्या उसाचं खोडवं फुटायला लागलं होतं, सरींमधून हिरवे कोंब. ज्याचं रान तो शेतकरी लांबून येताना दिसला. कोण, कुठले, विचारलं. भावानं सांगितल्यावर त्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. “बाई, तुमच्या पोरानं आमची मानसं वाचिवली,” तो म्हणाला. “तितं पलीकडं कोप्या हायत न्हवं का, बाया सैपाक करत हुत्या. त्यानं बघिटलं आन फिरिवलं इमान. म्या हितंच हुतो.”

“तुमी बघिटलं?” तिनं विचारलं.

“आवाज बंद झाला म्हनून वर बघिटलं. मग फिरलं की ते.”

“व्हय का,” आई म्हणाली. “बरं झालं, मानसं वाचली ते.”

मी तिच्या तोंडाकडं बघत होतो. तिथं मला काही वाचता आलं नाही. तो माणूस तिथं उभा होता, मी नव्हतो. त्यानं बघितलं होतं, मी सुपात पानं मांडली होती. त्याचं खरं असेल तर तिला मी काय देऊन बसलो होतो, आणि माझं खरं असेल तर ती आत्ता कशाला मान डोलावत होती? बायकोनं माझा हात धरला, बहुतेक मी पुन्हा तळव्याचं विमान करू नये म्हणून.

शेतकरी पाणी आणायला वस्तीकडं गेला. आई आमचे हात सोडून एका सरीतनं चालायला लागली. भाऊ मागोमाग निघाला तर तिनं हातानंच त्याला थांबवलं. कोंबांवर पाय पडणार नाही असं बघत बघत ती रानाच्या मध्यापर्यंत गेली. तिथं उभी राहून तिनं आधी धावपट्टीच्या टोकाकडं बघितलं, मग पलीकडच्या बांधापर्यंत, मग परत. आवाज आमच्यापर्यंत यावा म्हणून नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखी ती म्हणाली, पण रान मोकळं होतं, ऐकू आलं.

“लई जागा हाय की हितं.”